हेफेस्टियन, क्रॅटेरस आणि रिकामी ठेवलेली जागा : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

इ.स.पू. ३२४ चा शरद ऋतू, ठिकाण एकबताना, म्हणजे आजचं इराणमधलं हमदान. सिकंदराचा लहानपणापासूनचा दोस्त आणि राज्यातला दोन नंबरचा माणूस हेफेस्टियन आठवडाभराच्या तापात गेला. सिकंदराने शोक असा केला की लोक आजही त्याबद्दल बोलतात, पण त्याच्या जागेवर नवा माणूस काही नेमला नाही. साधारण आठ महिन्यांनी, ३२३ च्या जूनमध्ये, सिकंदर स्वतः बॅबिलोनमध्ये गेला आणि तेव्हा "आता साहेब कोण" या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

हेफेस्टियनचं नाव निघालं की चर्चा बहुतेक वेळा एकाच वळणावर जाते, ते नुसते मित्र होते की प्रेमी होते. मी त्यात शिरत नाहीये. मला इंटरेस्ट आहे तो पोस्टिंगमध्ये, म्हणजे राजाने आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाला कुठल्या कामावर लावलं, त्याचं बाकीच्यांशी वाजलं तेव्हा काय केलं, आणि तो गेल्यावर त्या खुर्चीचं काय झालं. प्रकरण तेवीसशे वर्षं जुनं आहे त्यामुळे नावं लपवायची भानगड नाही.

पार्श्वभूमी

दोघं मॅसिडोनियाचे, साधारण एकाच वयाचे, पेल्लाच्या राजवाड्याच्या वातावरणात वाढलेले. ३३४ मध्ये आशियात पाय ठेवल्यावर ट्रॉयला गेले तेव्हा सिकंदराने अकिलीसच्या समाधीला हार घातला आणि हेफेस्टियनने अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या, म्हणजे सगळ्या सैन्यासमोर जाहीरच केलं की आमची जोडी कुठली ते. पुढच्या वर्षी इससच्या लढाईनंतर इराणचा बादशहा दारयुश याची आई सिसिगॅम्बिस कैदेत होती, सिकंदर आणि हेफेस्टियन तिला भेटायला गेले तर तिने उंच दिसणाऱ्या हेफेस्टियनलाच राजा समजून लोटांगण घातलं. चूक कळल्यावर बिचारी घाबरली, तर सिकंदर म्हणाला काळजी करू नका आई, हाही सिकंदरच आहे.

किस्सा गोड आहे. पण पोस्टिंगच्या दृष्टीने बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते की या सुरुवातीच्या वर्षांत हेफेस्टियनकडे मोठी लढाऊ कमांड नव्हतीच. घोडदळ जुना सेनापती पार्मेनियन याच्या मुलाकडे म्हणजे फिलोटासकडे, सैन्याची डावी बाजू स्वतः म्हाताऱ्या पार्मेनियनकडे, आणि त्या बाजूच्या पायदळात उठून दिसणारा माणूस क्रॅटेरस. हेफेस्टियनच्या वाट्याला आलेली कामं वेगळी : सायडनच्या गादीवर नवा राजा शोधून बसवणं, टायरहून गाझाला किनाऱ्याकिनाऱ्याने आरमार नेणं. गॉगामेलाला लढला, हाताला जखम पण झाली, पण इतिहासात त्याचं नाव तिथे सेनापती म्हणून गाजत नाही.

मग ३३० मध्ये फिलोटास प्रकरण झालं. राजाला मारायच्या कटाची बातमी त्याला कळली होती आणि ती त्याने वर पोचवली नाही हा आरोप. चौकशी झाली, छळ झाला, मृत्युदंड झाला, आणि मग बाप सूड घेईल म्हणून एकबतानाला असलेल्या पार्मेनियनकडे माणसं पाठवून त्यालाही संपवलं. फिलोटासला अडकवण्यात हेफेस्टियन आणि क्रॅटेरस दोघेही एका बाजूला होते हे इथे नोंदवून ठेवा, कारण नंतर हेच दोघं एकमेकांवर तलवारी काढणार आहेत.

फिलोटासची जागा रिकामी झाली. हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण, आणि माझ्या मते सिकंदराचा सगळ्यात शहाणा निर्णय. त्याने घोडदळाचे दोन भाग केले, एक हेफेस्टियनला दिला आणि एक 'काळा' क्लायटसला. क्लायटस म्हणजे जुन्या पिढीचा, बापाच्या म्हणजे फिलिपच्या काळातला सरदार, ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदराचा जीव वाचवलेला माणूस. सिकंदराचा प्राचीन चरित्रकार एरियन याने याचं कारण स्पष्ट लिहिलंय : एवढं मोठं घोडदळ एका माणसाच्या हातात असू नये, भले तो कितीही लाडका असो. फिलोटासकडून शिकलेला धडा होता हा. लाडका मित्र पण हवा आणि त्याच्यासमोर वजन असलेला दुसरा माणूस पण हवा.

ही व्यवस्था दोन वर्षं टिकली. ३२८ मध्ये मराकंडाला म्हणजे समरकंदला दारूच्या पार्टीत वाद झाला आणि सिकंदराने स्वतःच्या हाताने क्लायटसला भाल्याने मारलं. म्हणजे मित्रासमोर ठेवलेलं वजन मालकानेच उचलून फेकून दिलं. त्यानंतर घोडदळाच्या आणखी तुकड्या केल्या, पण नियम म्हणून "हेफेस्टियनसमोर कोण" हा प्रश्न परत कोणी मुद्दाम सोडवला असं दिसत नाही. तो आपोआप सुटला, आणि त्याचं नाव क्रॅटेरस.

अडचण

सिकंदर आता इराणी राजासारखा वागायला लागला होता, कपडे, दरबार, समोर वाकून नमस्कार, सगळंच. जुन्या मॅसिडोनियन लोकांना ते अजिबात पटत नव्हतं. हेफेस्टियन याबाबतीत पूर्ण सिकंदराच्या बाजूने, त्याने स्वतःही राहणी बदलली. क्रॅटेरस उलटा, त्याने आपल्या गावाकडच्या रीती सोडल्या नाहीत आणि म्हणूनच शिपाई त्याच्यावर जीव टाकायचे. सिकंदराने यातून मार्ग असा काढला की इराणी आणि बाकी परक्या लोकांशी बोलायचं असेल तर हेफेस्टियन, आणि ग्रीक-मॅसिडोनियन लोकांशी बोलायचं असेल तर क्रॅटेरस. तो म्हणायचा की हेफेस्टियनचं प्रेम सिकंदरावर आहे आणि क्रॅटेरसचं राजावर.

वाक्य ऐकायला फार छान आहे, पण क्रॅटेरसच्या जागी उभं राहून ऐका. तुम्ही राजाचे नोकर, तो माझा माणूस. आणि हेफेस्टियनच्या बाजूने ऐकलं तरी त्रासच : तू माझा माणूस, पण खऱ्या कामाचा तो.

या वाटणीत एक गडबड होती. माणसं वाटून दिली होती, काम वाटलं नव्हतं. शांततेच्या वेळी दूतांशी कोण बोलेल हे ठरलं, पण एकाच सैन्यात, एकाच छावणीत, एकाच मोहिमेवर दोघं असतील तेव्हा कोणाचा हुकूम वर हे ठरलं नाही.

हिंदुस्थानच्या मोहिमेत ते उघडं पडलं. इथे हेफेस्टियनचं काम खरं तर एक नंबर होतं आणि ते कमी सांगितलं जातं. ३२७ मध्ये त्याला आणि पर्डिकास या दुसऱ्या सेनापतीला अर्धं सैन्य देऊन काबूल नदीच्या खोऱ्यातून पुढे पाठवलं, वाटेत पुष्कलावतीच्या राजाने विरोध केला तर ३० दिवस वेढा घालून ते घेतलं, मग सिंधूवर पोचून सिकंदर यायच्या आत पूल तयार ठेवला, वर अनेक होड्या आणि ३० वल्ह्यांची दोन गलबतं. तक्षशिलेच्या अंभीने धान्य पुरवलं. सिकंदर डोंगरातल्या लढाया आटपून आला तेव्हा त्याला नदी ओलांडण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. झेलमवर पोरसशी लढताना मात्र दोघांची जागा बघा : हेफेस्टियन रात्री सिकंदराबरोबर नदी पार करणाऱ्या निवडक लोकांत, आणि क्रॅटेरस पोरससमोरच्या मुख्य छावणीत, पोरस हलला तरच पार यायचं या हुकमावर. दोन्ही कामं महत्त्वाचीच, पण गाजणार कुठलं हे शिपायालाही कळत होतं.

आणि मग एक दिवस दोघांनी तलवारी उपसल्या. बाचाबाची वगैरे नाही, अंगावर धावून गेले. दोघांचे समर्थक आपापल्या माणसाच्या मदतीला धावायला लागले, म्हणजे अजून पाच मिनिटं गेली असती तर परमुलखात मॅसिडोनियन सैन्य आपापसात कापाकापी करत बसलं असतं.

पर्याय

या क्षणी सिकंदरासमोर काय काय होतं ते बघू.

एकाला काढायचं. क्रॅटेरसला काढलं तर पायदळ बिथरणार, आधीच घरी जायची ओढ लागलेलं सैन्य, बियासच्या काठावर ते पुढे यायला साफ नाही म्हणाले ते याच मोहिमेत. हेफेस्टियनला काढणं म्हणजे स्वतःचाच हात तोडणं, आणि इराणी लोकांशी जुळवून घ्यायच्या सगळ्या धोरणाचा चेहराच जातो. म्हणजे हा पर्याय कागदावरच.

दुसरा पर्याय, दोघांमधला क्रम ठरवायचा. अमुक वर, तमुक खाली, आणि मी नसताना सही कोणाची हे पण सगळ्यांसमोर सांगायचं. एक जण दुखावला गेला असता, पण सैन्याला ओळ कळली असती. सिकंदर हे का टाळत असावा ते समजतं, ज्या राजाचा बाप भर समारंभात अंगरक्षकाच्या हातून मेलाय आणि ज्याने स्वतः फिलोटास बघितलाय तो "माझ्यानंतर हा" असं सहजासहजी बोलत नाही. नंबर दोन ठरवला की नंबर एकचा जीव धोक्यात, हे त्याच्या घराण्यात नुसतं बोलायचं वाक्य नव्हतं.

तिसरा, दम द्यायचा, दोघांना शपथेत बांधायचं आणि लांब लांब ठेवायचं. पटकन होतं, कोणाचा मान जात नाही, आणि सगळी दोरी राजाच्याच हातात राहते.

त्याने तिसरा घेतला.

काय केलं

प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने प्रसंग नीट सांगितलाय. सिकंदर घोडा दामटत तिथे आला आणि सगळ्यांसमोर झापलं ते हेफेस्टियनला. तू मूर्ख आहेस, वेडा आहेस, सिकंदराला बाजूला केलं तर तू कोणीच नाहीस हे तुला कळत नाही का. क्रॅटेरसलाही झापलं, चांगलं कडक, पण खासगीत. मग दोघांना एकत्र आणलं, समेट केला आणि अम्मोन आणि बाकी देवांची शपथ घेऊन सांगितलं की माझं सगळ्या माणसांत तुम्हा दोघांवर सगळ्यात जास्त प्रेम आहे, पण परत भांडलात असं कळलं तर दोघांना मारीन, निदान ज्याने सुरू केलं त्याला तरी. त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या वाकड्यात जायचं थट्टेतही केलं नाही म्हणे.

कोणाला उघड आणि कोणाला बंद दाराआड हे बघण्यासारखं आहे. जवळच्याला चारचौघात, दुसऱ्याला बाजूला घेऊन. क्रॅटेरसचा शिपायांसमोरचा मान त्याने शाबूत ठेवला, आणि आपण मित्राची बाजू घेत नाही हे सैन्याला दाखवलं. मॅनेजर म्हणून ही चाल मला आवडली. पण वाक्य जे वापरलं ते जरा जपून वाचायला हवं. "माझ्याशिवाय तू कोणीच नाहीस" हे त्याने पाच मिनिटांच्या रागात म्हटलं असेल, पण पुष्कलावती घेणाऱ्या आणि सिंधूवर पूल बांधणाऱ्या माणसाबद्दल म्हटलं, आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी ते ऐकलं. यापुढे हेफेस्टियनचा प्रत्येक हुकूम हा हेफेस्टियनचा राहिला नाही, सिकंदराचा झाला. पुढचं अर्धं प्रकरण या एका वाक्यात आहे.

मग लांब ठेवायचा भाग. ३२६ च्या शेवटी सैन्य झेलममधून खाली निघालं तेव्हा सिकंदर स्वतः आरमाराबरोबर नदीत, क्रॅटेरस उजव्या काठाने, हेफेस्टियन डाव्या काठाने, त्याच्याकडे मोठा भाग आणि २०० च्या आसपास हत्ती. मधे अख्खी नदी आणि नदीत राजा. एवढा सरळसोट उपाय फार कमी वेळा बघायला मिळतो. पुढे क्रॅटेरसला जड सैन्य आणि हत्ती देऊन कंदाहारच्या बाजूने इराणकडे पाठवलं आणि हेफेस्टियन सिंधच्या पाटलाला किल्ला बांधायला राहिला. ३२५ च्या शेवटी कर्मानियात परत एकत्र आले तर लगेच हेफेस्टियनला मुख्य सैन्य, सामानसुमान आणि हत्ती देऊन किनाऱ्याच्या वाटेने वेगळं काढलं. मला यात लष्करी कारणं दिसतात, नाही असं नाही, वाटा आणि चारा-पाणी बघूनच सैन्य विभागायला लागतं, पण दर वेळी हे दोघं वेगवेगळ्या गटात पडतात हे डोळ्यात भरतंच.

३२४ ची सुसा मधली लग्नं. सिकंदराने दारयुशची मोठी मुलगी केली आणि तिची सख्खी बहीण ड्रायपेटिस हेफेस्टियनला दिली, म्हणाला की आपली मुलं एकमेकांची भावंडं लागली पाहिजेत. क्रॅटेरसला मिळाली दारयुशची पुतणी. सन्मान तिलाही कमी नाही, पण जमलेल्या ऐंशीएक नवऱ्यांमध्ये कोण राजाचा साडू झाला आणि कोण नाही झालं हे मोजायला कोणाला शिकवावं लागलं नसेल.

आणि याच काळात हेफेस्टियनकडे इराणी दरबारातलं हजारपतीचं पद आलं, ग्रीकात ज्याला खिलिआर्क म्हणायचे. पूर्वीच्या शहेनशहांकडे हा माणूस राजाच्या पहाऱ्याचा प्रमुख आणि राजाला भेटायला येणाऱ्यांची दारावरची गाळणी. सिकंदराने यात घोडदळाची मुख्य तुकडीही जोडली. म्हणजे दार पण त्याच्याकडे, घोडदळ पण त्याच्याकडे. ३३० चा नियम काय होता आठवा, कितीही लाडका असो, एकट्याच्या हातात एवढं नको. तो नियम इथे मोडला, तोही गाजावाजा न करता.

याचा परिणाम लगेच दिसला तो युमेनीसच्या बाबतीत. हा राजाचा मुख्य चिटणीस, मॅसिडोनियन नाही, कार्डिया गावचा ग्रीक, कागदपत्रांवर बसलेला हुशार माणूस. युमेनीसच्या नोकरांनी त्याच्यासाठी एक घर धरून ठेवलं होतं, ते हेफेस्टियनने युइअस नावाच्या बासरीवाल्याला देऊन टाकलं. युमेनीस तडक सिकंदराकडे गेला आणि ओरडला की शस्त्रं फेकून द्यावीत आणि बासरी वाजवायला किंवा नाटकात कामं करायला शिकावं हेच बरं. सिकंदराने आधी हेफेस्टियनला सुनावलं, आणि थोड्या वेळाने फिरला आणि युमेनीसवरच भडकला की हा हेफेस्टियनवर नाही, माझ्यावर बोलतोय. पुढे एका बक्षिसावरून परत दोघांचं वाजलं, शिव्यांपर्यंत गेलं, आणि समेट झाला तो पण हेफेस्टियनच्या मनाविरुद्ध.

बघा म्हणजे. पहिल्या भांडणात सिकंदराने निदान दोघांनाही झापलं होतं. आता तक्रार करणाराच गुन्हेगार, कारण तो माणूस म्हणजे राजाच. "हाही सिकंदरच आहे" हे दारयुशच्या आईला धीर द्यायला छान होतं, ऑफिस चालवायला नाही.

त्याच उन्हाळ्यात ओपिसला सैन्याचं बंड झालं, मिटलं, आणि १०,००० जुन्या शिपायांना घरी पाठवायचं ठरलं. त्यांना न्यायला निवडला क्रॅटेरस. काम मोठं दिलं, मॅसिडोनियात जाऊन तिथला कारभार बघणाऱ्या अँटीपॅटरची जागा घ्यायची, पण तब्येत इतकी ढासळलेली की बरोबर पॉलिपर्कनला बदली म्हणून जोडला. हद्दपारी होती की बढती यावर वाद घालता येईल. एवढं खरं की आता दरबारात हेफेस्टियनला नाही म्हणू शकेल असा एकही वजनदार माणूस उरला नाही.

एकबताना

काही महिन्यांत दरबार एकबतानाला आला. उत्सव सुरू होते, खेळ, नाटकं, ग्रीसहून ३,००० कलाकार आलेले. हेफेस्टियनला ताप आला. वैद्याचं नाव ग्लॉकस, त्याने पथ्य सांगितलं. रोगी तरुण, शिपाईगडी, पथ्याला कंटाळलेला. वैद्य नाटक बघायला गेला तशी याने जेवायला बसून एक अख्खी उकडलेली कोंबडी खाल्ली आणि गार केलेल्या दारूचं मोठं भांडं रिकामं केलं. तब्येत एकदम बिघडली. आजाराचा सातवा दिवस होता, सिकंदर मैदानात पोरांच्या शर्यती बघत होता, निरोप आला, तो धावत आला, तोपर्यंत संपलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहिती असतं. प्रेतावर पडून राहिला, दोन दिवस अन्नाला शिवला नाही, केस कापले, घोड्यांची आणि खेचरांची आयाळ कापायला लावली, वैद्याला ठार मारलं. इराणी लोकांना हुकूम दिला की पवित्र अग्नी विझवा, जे फक्त शहेनशहा वारला तर करतात, आणि हे त्यांना अपशकुनासारखं वाटलं. बॅबिलोनला चितेसाठी १०,००० टॅलंट किंवा त्याहून जास्त खर्च धरला, एक टॅलंट साधारण २६ किलो चांदी धरली तर २६० टन चांदी होते. इजिप्तमधल्या सिवाच्या अम्मोन देवाला कौल लावला की याला देव म्हणून पुजायचं का, उत्तर आलं वीर म्हणून पुजा, त्यावरही तो खूश झाला. इजिप्तमधल्या क्लिओमेनीस नावाच्या अधिकाऱ्याला पत्र गेलं की अलेक्झांड्रियातली हेफेस्टियनची स्मारकं मला नीट बांधलेली दिसली तर तुझे आतापर्यंतचे गुन्हे माफ आणि पुढचे पण. हा क्लिओमेनीस लाच आणि लूट यासाठी बदनाम होता. लोकांना चितेचा खर्च दिसतो, मला हे पत्र जास्त महाग वाटतं.

युमेनीसची काय गत झाली असेल बघा. भांडण ताजं, माणूस मेलेला, आणि राजा शोधतोय की कोणाला आनंद झालाय. त्याने हुशारीने स्वतःला आणि आपली शस्त्रं हेफेस्टियनच्या नावाने अर्पण करून टाकली, सगळ्यात आधी, मग त्याचं बघून बाकीच्यांनी.

पद मात्र तसंच राहिलं. सिकंदराने ठरवलं की त्या जागी हजारपती म्हणून कोणालाच नेमायचं नाही, त्या तुकडीचं नाव हेफेस्टियनचीच तुकडी राहील आणि पुढे त्याचंच निशाण चालेल. प्रत्यक्षात तुकडी सांभाळायला पर्डिकास आला आणि पर्डिकासच्या जागी, ऐका, युमेनीस. चिटणीस घोडदळात गेला. काम वाटलं गेलं, अधिकार वाटला गेला नाही.

निकाल

३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोनमध्ये सिकंदराला ताप आला आणि १०-१२ दिवसांत तो गेला. राजमुद्रेची अंगठी पर्डिकासच्या हातात दिली म्हणतात. पण पर्डिकास कोण? मेलेल्या माणसाच्या नावाने चालणाऱ्या तुकडीचा प्रमुख. पायदळाने त्याला मानलं नाही, घोडदळ आणि पायदळ शहरातच एकमेकांवर उठले. पायदळाला ज्याचा शब्द पटला असता तो क्रॅटेरस त्या वेळी १०,००० जुने शिपाई घेऊन सिलिशियात, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानात. तडजोड झाली, क्रॅटेरसला गैरहजेरीत एक मोठं नाव दिलं, पर्डिकास अखेर हजारपती झाला, आणि त्याने सिकंदराच्या शिल्लक योजना सैन्यासमोर वाचून रद्द करून घेतल्या, त्यात हेफेस्टियनच्या चितेचं उरलेलं काम पण होतं. ड्रायपेटिसला तिच्या बहिणीबरोबर सिकंदराची आधीची बायको रोक्साना हिने मारवलं आणि विहिरीत टाकलं, आणि यात पर्डिकासची साथ होती.

मग दोन-तीन वर्षांत लढाई लागली ती कोणाकोणात, तर क्रॅटेरस आणि युमेनीस. हेफेस्टियनशी भांडलेले दोघं, आता समोरासमोर, हेलेस्पॉंटच्या म्हणजे आजच्या दार्दनेल्स सामुद्रधुनीच्या बाजूला. क्रॅटेरस समोर आहे हे कळलं तर आपले मॅसिडोनियन पळून त्याला मिळतील म्हणून युमेनीसने ते लपवलं आणि त्याच्यासमोर मुद्दाम परदेशी घोडदळ उभं केलं. क्रॅटेरस पडला. तिकडे इजिप्तमध्ये पर्डिकासला त्याच्याच अधिकाऱ्यांनी मारलं, आणि क्रॅटेरस मेल्याची बातमी त्या छावणीत पोचली ती त्यानंतर दोन दिवसांनी.

वेगळं काय करता आलं असतं

कोंबडी आणि दारू यावर मी वेळ घालवणार नाही. कोणीही कधीही आजारी पडतो, ३२४ मध्ये तर फारच.

शपथ वाईट नव्हती. तलवारी निघाल्या असताना दुसरं काय करणार. पण ती पट्टी होती, औषध नाही, आणि भांडण थांबल्यावर जे करायला हवं होतं, म्हणजे दोघांच्या अधिकाराची रेष आखणं, ते कायमचं राहिलं. नदीच्या दोन काठांवर ठेवणं हे तर अंतर झालं. नदी संपली की प्रश्न परत तिथेच.

जास्त मोठी चूक मला सुसाची वाटते. मित्राला मान द्यायचा होता तर लग्न पुरेसं होतं. दार, घोडदळ आणि नातं तिन्ही एकाच माणसाला देणं म्हणजे ते पद हेफेस्टियनच्या मापाने शिवणं, दुसऱ्या कोणाला ते अंगाला बसणारच नाही. पर्डिकासला ते बसलं नाहीच. दारावरचं काम एकाला आणि घोडदळ दुसऱ्याला असं ठेवलं असतं तर एक गेल्यावर दुसरा उभा असता, आणि युमेनीससारख्याला तक्रार न्यायला राजाशिवाय एखादी जागा असती. याला उलट बाजूही आहे हे मान्य, हेफेस्टियन एकटाच असा होता की ज्याच्यावर इराणी धोरण राबवायचा भरवसा ठेवता येत होता, बाकी बहुतेक मॅसिडोनियन सरदारांनी सुसाच्या बायका सिकंदर गेल्यावर सोडून दिल्या असं अभ्यासक धरतात. तरीही पहाऱ्याला इराणी धोरणाची गरज नव्हती.

आणि शेवटचा निर्णयाचा क्षण, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, तो म्हणजे एकबतानानंतरचे आठ महिने. एवढ्या काळात सिवाला कौल विचारून माणसं परत आली, कोसियन टोळ्यांवर भर हिवाळ्यात मोहीम झाली, बॅबिलोनची १० स्टेडियम (सुमारे दोन किलोमीटर) लांब भिंत पाडून चितेला विटा काढल्या, अरबस्तानसाठी आरमार बांधायला घेतलं. क्रॅटेरस सिलिशियात होता, समुद्रापार नव्हता. एक घोडेस्वार पाठवून त्याला बोलावता आलं असतं, अँटीपॅटरची बदली सहा महिने थांबली असती तर काही बिघडत नव्हतं. आला असता तर हेफेस्टियनच्या खुर्चीत तो बसला असता का हे सांगता येत नाही, सिकंदराने त्याला त्या नावाच्या जवळपास फिरकू दिलं असतं का हे पण नाही. पण जूनमध्ये बॅबिलोनच्या त्या खोलीबाहेर पायदळ ओरडत होतं तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहणारा एक माणूस तरी असता.